आबांच्या हातातला चेंडू

मला चेंडू म्हणताना तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. मी एक जुना, एका अंगाने चपटलेला चिंध्यांचा गोळा आहे. मी टप्पा खात नाही. कुणी चुकून ओलाव्यात ठेवले तर दोन दिवस वास मारतो. पण माझ्या अंगावर दातांची बारीक भोके आहेत आणि त्यांचा मला फार अभिमान आहे. लिंबागणेश गावाच्या पलीकडे एका वस्तीवर, रामहरी आबांच्या घरात, भिंतीतल्या कोनाड्यात मी बसलेला असतो.

माझा जन्म दुष्काळातला. आबांची बायको छबुबाई वारली, तेव्हापासून तिचे हिरवे लुगडे पेटीत पडून होते. आबा ते कुणाला देत नव्हते आणि स्वतः उघडूनही बघत नव्हते. त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. एका दुपारी आबांनी पेटी उघडली, लुगडे फाडले, त्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या आणि सोसायटीतून आणलेल्या पेंडीच्या पोत्याची सुतळी वरून आवळली. झालो मी! एवढ्या जपलेल्या लुगड्याचा चेंडू, तोही कुत्र्यासाठी. सून गीता नुसती बघत राहिली.

ते कुत्रे म्हणजे चांद्या. वस्तीवर पाण्याचा टँकर आला की त्याच्या तोटीखाली पडणारे थेंब चाटायला हे पिल्लू यायचे आणि घागरीला तोंड लावेल म्हणून प्रत्येक जण त्याला दगड मारायचा. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून आबांनी नाव ठेवले चांद्या. आबा त्याला घरी घेऊन आले आणि लगेच त्यांच्या लक्षात आले की या पिल्लाला एकच गोष्ट ठाऊक आहे. माणसाचा हात वर गेला की दगड येतो. आबांनी भाकरीचा तुकडा टाकायला हात उचलला की चांद्या डोळे गच्च मिटून जमिनीला चिकटायचा. तुकडा नाकावर आपटून मातीत पडायचा आणि कोंबड्या तो पळवायच्या.

"डोळे मिटू नको बे," आबा म्हणायचे. "भाकर हाय, दगड न्हाई."

तीस वर्षे ऊस तोडून, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढून आबांचे गुडघे कामातून गेले होते. खाली पडलेले काही त्यांना वाकून उचलता येत नव्हते. म्हणून त्यांनी ठरवले की चांद्याने झेलायलाच शिकले पाहिजे. आधी ते तुकडा तळहातावर ठेवून नुसते बसत. मग चांद्याच्या तोंडापासून वीतभर उंचीवरून सोडत. मग हातभर. श्रावण गेला, भादवा गेला, पाऊस काही आला नाही. पण एक दिवस चांद्याने डोळे उघडे ठेवले आणि तुकडा हवेतच धरला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर माझी पाळी आली. मला झेलायचे आणि ज्याने फेकले त्याच्या हातात आणून द्यायचे, हा धडा होता. चांद्या तोही शिकला. टँकरच्या रांगेत बायका घागरी सोडून आमचा खेळ बघत. शेजारचे शहादेव म्हणायचे, "रामहरी, सर्कशीत घालतो का काय त्याला?" आबा दुसऱ्या दिवशी मला जरा जास्तच उंच फेकत. ते माझे सुखाचे दिवस होते. आपल्याला कुणीतरी धरणार आहे, हे ठाऊक असले की वर जाताना भीती वाटत नाही.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा निरोप आला. आबांचा मुलगा सिदू आणि गीता दोघे मिळून एक कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे तसेच म्हणतात. कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्यावर त्यांना जायचे होते. सोबत दीड वर्षांची मुक्ता. ते ऊस तोडत असताना ती उसाच्या फडाच्या कडेला झोळीत निजायची आणि मागच्या हंगामात तिथे बिबट्या दिसला होता.

सिदू चाचरत म्हणाला, "आबा, चांद्याला नेऊ का? पोरीपाशी राखनीला व्हईल."

"न्हाई," आबा म्हणाले. "मग मला कोन हाय?"

आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

निघण्याच्या सकाळी ट्रॅक्टरपुढे नारळ फुटला. ट्रॉलीत भांडी, सरपण, माणसे सगळे भरले होते. चांद्या आबांच्या पायाशी उभा होता आणि मी आबांच्या मुठीत होतो. अचानक आबांनी मला ट्रॉलीत बसलेल्या गीताच्या हातात दिले.

"फेक," ते म्हणाले.

गीताने मला ट्रॉलीतून खाली फेकले. चांद्याने झेलले आणि शिकवल्याप्रमाणे, जिने फेकले तिच्याकडे उडी मारून तो ट्रॉलीत चढला. गीताने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवले. ट्रॅक्टर हलला.

"चेंडू तेवढा राहू दे रे माझ्यापाशी," आबा ओरडले.

सिदूने मला भिरकावले. आबांनी हात पुढे केले, पण मी त्यांच्या बोटांना लागून धुळीत पडलो. चार महिने झेलायला शिकवणाऱ्या आबांना मी झेलता आलो नाही. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी ते माझ्याकडे बघत उभे होते. शेवटी शहादेवांनी मला उचलून त्यांच्या हातात दिले.

मग मी कोनाड्यात आलो. संध्याकाळी आबा जेवताना सवयीने तुकडा मोडून हात वर करत आणि तसाच खाली घेत. सहा महिने घरात दुसरा आवाज नव्हता. मला फार एकटे वाटायचे. आबांनाही वाटत असणार, कारण ते कधीकधी मला उशाला घेऊन झोपत.

चैत्रात टोळी परत आली. मुक्ता अंगणात धावत होती आणि तिच्या मागे मोठा झालेला चांद्या होता. आबांनी घाईघाईने मला कोनाड्यातून काढले, हात उंच केला आणि हाक मारली, "चांद्या, झेल!"

चांद्याने डोळे गच्च मिटले आणि तो जमिनीला चिकटला.

आबांचा हात तसाच वर राहिला. गीता हळूच म्हणाली, "तिकडं लई दगडं खाल्ले त्यानं, आबा. जो यील तो मारायचा. पन पोरीच्या झोळीपासून हालला न्हाई."

मित्रांनो, त्या अनोळखी गावातल्या लोकांना कदाचित आठवतही नसेल की आपण एका कुत्र्याला दगड मारला. तुम्हीही कधी असाच सहज हात उगारला असेल. पुढच्या वेळी उगाराल तेव्हा एवढेच बघा की समोरचा डोळे मिटतो का. मिटत असेल, तर तुमच्या आधी कुणीतरी तिथे येऊन गेले आहे. तुम्ही तरी तुमचा दगड खाली टाका.

आबांनी त्या दिवशी मला परत कोनाड्यात ठेवले. मग भिंतीला धरून, कण्हत, ते जमिनीवर बसले. त्यांनी तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवून हात पुढे धरला. पहिले तीन दिवस चांद्या जवळ आला नाही. आज त्याने तुकडा घेतला, पण डोळे मिटूनच. आबा म्हणाले, "असू दे. हाय मी."

माझी पाळी यायला अजून वेळ आहे. मी इथेच बसलो आहे.