बोलावण्याची धून

रविवारी दुपारी हरारी वस्तीच्या बिअर हॉलमध्ये तेंडेकाईने तळव्याने गिटारच्या तारा दाबून धरल्या आणि बापाच्या म्बिराची, अंगठ्यांनी वाजवायच्या त्या वाद्याची, धून छेडली. म्बिराच्या लोखंडी पट्ट्यांचा तोच कोरडा नाद लाउडस्पीकरमधून बाहेर पडला. लोक बाकांवरून उठून नाचू लागले. त्याला आभाळ ठेंगणं झालं.

पूर्वजाला बोलावायची ही धून उगाच वाजवू नये, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण विजेच्या गिटारीवर कुठला आजोबा येतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. तो शहाणपणा नडला. गावाहून डोळे दाखवायला आलेली त्याची सेकेसाई आत्या दाराजवळ बसली होती. ती अचानक थरथरू लागली. वारलेले आजोबा अंगात येत ते तिच्याच.

"थांबव रे," ड्रमवरचा रुंगानो कुजबुजला.

"वेडा झालास का? अर्ध्यात थांबलो तर ती मधेच अडकेल. बाबांनी पाहिली होती अशी एक बाई. पुन्हा श्वास घेतला नाही तिने."

तेंडेकाईची बोटं चालत राहिली. पाच वाजले आणि हॉलच्या मॅनेजरने रोजच्यासारखं भिंतीवरचं विजेचं बटण बंद केलं.

गिटार मुकी झाली. आत्या बाकावरून घसरली. तोंड उघडं, छाती हलत नव्हती.

तो गिटारसकट धावला आणि तिच्या कानाशी वाकून वाजवू लागला. विजेशिवाय तारा डासाएवढ्याच गुणगुणत होत्या.

"गप्प बसा रे सगळे," रुंगानो म्हणाला. तीनशे पिणारी माणसं चिडीचूप झाली.

आत्याची छाती एकदा वर आली. तिच्या तोंडून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज निघाला, "कशासाठी बोलावलंस?"

घरात आजारपण नव्हतं, गावात दुष्काळ नव्हता. लोकांनी नाचावं, एवढ्यासाठीच बोलावलं होतं.

"चुकलो, आजोबा. आत्याला परत द्या."

"वाजव."

बोटांतून रक्त आलं तरी तो तिच्या छातीवरची नजर न हलवता वाजवत राहिला. फार वेळाने आत्याने डोळे उघडले, पाणी मागितलं.

"म्बिरा कोण वाजवत होतं रे? अगदी तुझ्या बापाचा हात."

हेच ऐकायला तो दहा वर्षं धडपडला होता. त्याने गिटार जमिनीवर ठेवली आणि ती पुन्हा उचलायचा त्याला धीर होईना.