नीवेसचा उजवा हातमोजा

मित्रांनो, मी गोलरक्षकाचा एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. डावा माझा जुळा भाऊ. तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडतं.

आमचा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो चार हजार मीटर उंचीवरच्या एल आल्तो शहराचा गुरुवारचा बाजार. तिथे सुकवलेले बटाटे विकणाऱ्या बासिलियाबाईंनी आम्हाला लेकीसाठी घेतलं. लेक म्हणजे नीवेस, बोलिव्हियाच्या महिला फुटबॉल संघातली राखीव गोलरक्षक. तेव्हा माझा रबरी तळवा लोण्यासारखा मऊ होता. चेंडू एकदा हाती आला की सुटायचा नाही. नीवेस आम्हाला कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. या पोरीच्या हाताला डिंक लावलाय, असं प्रशिक्षक पोमाबाई म्हणायच्या, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण सामन्यांत दोन वर्षं ती बाकावरच बसली आणि आम्ही तिच्या मांडीवर.

मग मुख्य गोलरक्षकाचं मनगट मुरगळलं. रविवारच्या सामन्यात नीवेस उतरणार होती, आणि सोमवारी मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या तेवीस जणींची यादी लागणार होती.

आमच्याकडे नवं घर असो, गाडी असो की शिवणयंत्र, त्यावर दारू शिंपून धरणीमायेला पाजल्याशिवाय कुणी शुभकार्याला हात घालत नाही. शनिवारी नीवेस संघाच्या बैठकीला गेली होती. बासिलियाबाईंनी आम्हाला अंगणात मांडलं, रंगीत कागदाचे तुकडे उधळले, चार थेंब जमिनीवर सांडले आणि पेल्यातली बाकीची बिअर नि कडक दारू आमच्यावर ओतली. "धरणीमाये, माझ्या पोरीचे हात घट्ट ठेव," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी आम्हाला पत्र्याच्या छपरावर उन्हात वाळत घातलं. या उंचीवरचं ऊन ते! माझा तळवा आवळत गेला, कडक झाला, त्याला भेगा पडल्या. ओरडणार कसा? हातमोज्याला बोटं पाच असतात, तोंड एकही नसतं.

मैदानावर आम्हाला चढवताच नीवेसला कडकपणा जाणवला. दुसरी जोडी नव्हती. तिने आमच्यावर पाणी ओतलं, मुठी मिटून उघडून पाहिल्या.

"काय गं, तुझ्या हातांना दारूचा वास येतोय. सकाळीच बसलीस वाटतं?" बचावातली रोक्साना हसून म्हणाली.

पाऊणएक तास नीवेसने किल्ला लढवला. झेलता येईना म्हणून ती चेंडू मुठीने मारत राहिली. मग एक अगदी साधा फटका थेट आमच्याकडे आला. चेंडू माझ्या तळव्याला लागला, निसटला आणि तिच्या पायांमधून जाळ्यात गेला. मी तो धरू शकलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

आमचा संघ त्या एका गोलाने हरला. सामन्यानंतर पोमाबाईंनी माझ्यावरून अंगठा फिरवला. तळव्याचा भुगा खाली पडला.

"हे काय केलंस? कुणी केलं?"

नीवेसने मला नाकाशी नेलं. शिवणीत अडकलेला गुलाबी कागदाचा तुकडा तिला दिसला. तिला सगळं कळलं. आईचं नाव घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

"मीच उन्हात विसरले, बाई."

"जिला आपले हातमोजे सांभाळता येत नाहीत, ती देशाचा गोल काय सांभाळणार?"

सोमवारच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

बासिलियाबाईंनी सामना बाजारात रेडिओवर ऐकला होता. यादीचं कळल्यावर त्या लेकीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. मी हात आखडता घेतला. पुढच्या खेपेला अख्खी बाटली ओतीन."

"हो आई," नीवेस म्हणाली.

मित्रांनो, वस्तूंना जपा. मायेच्या माणसासाठी काही करताना, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आम्हाला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं त्यांनाही कधीकधी सांगवत नाही.

नीवेसने आता नवी जोडी घेतली आहे. ती जोडी रोक्सानाच्या घरी असते. आम्ही इथे खिळ्याला टांगलेले. सामन्याच्या आदल्या दिवशी आई बाटली घेऊन येते, तेव्हा नीवेस स्वतः आम्हाला काढून तिच्यापुढे धरते आणि म्हणते, "ओत आई, मनसोक्त ओत."