कांद्याच्या पेशीपटलाचा जळफळाट

मी लाल कांद्याच्या एका पेशीचे पटल आहे, मित्रांनो. माझे नाव तुम्ही फारसे ऐकले नसेल. ऐकणार तरी कसे? माझ्या बाहेर ती भिंत आहे ना, पेशीभित्तिका! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आधी ती दिसते. आयोडीनचा थेंब टाकला की आतले केंद्रक नवरदेवासारखे उठून दिसते. मी भिंतीला चिकटलेले, कुणाच्या खिजगणतीतही नाही. खरे सांगते, त्या भिंतीवर माझा भारी जळफळाट होई.

काम कोण करते ते विचारा! भिंत पाण्याला अडवत नाही, मिठालाही नाही. आत कोणाला घ्यायचे हे मी ठरवते. स्निग्ध रेणूंच्या दोन रांगा म्हणजे मी. त्यांची डोकी पाण्याकडे, शेपट्या मधे लपवलेल्या, आणि जागोजागी प्रथिनांची दारे. पाणी सहज ये-जा करते, मीठ दाराशी ताटकळते. औंधजवळच्या शेतात कांदा पोसला तेव्हापासून मी हा पहारा केला. कौतुक मात्र भिंतीचे!

मग मी नववीतल्या पायलच्या घरी आले. शाळेत प्रयोगाला कांदा न्यायचा होता. "आये, शाळंला कांदा दे गं," एवढेच ती म्हणाली. तिच्या आईला, चंद्राबाईला, वाटले भाकरीबरोबर खायला हवा. तिने बुक्कीने कांदा फोडला, मीठ भुरभुरले आणि डब्यात घातला. लेकीला अळणी कांदा कसा द्यायचा!

मिठाला पाणी सुटले आणि पेशीतले पाणी भराभर बाहेर जाऊ लागले. मी आक्रसले. भिंत जागच्या जागी राहिली, मी तिच्यापासून सुटले.

प्रयोगशाळेत पायलने डबा उघडला आणि तिचा चेहरा पडला. "खारा कांदा आणलास व्हय गं? गेलं तुझं मार्क!" शेजारचा जयराज हसला. दुसरा कांदा नव्हता. तिने त्याचाच पातळ जांभळा पापुद्रा खारट पाण्यासकट काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

"सर, भिंतीच्या आत आणखी एक कड दिसतीय!"

विश्वजीत सर वाकले. "अगं, हे पेशीपटल! एरवी दिसत नाही. या रे, बघा सगळे."

रांग लागली. एकेक डोळा येई आणि माझ्यावरच थांबे. भिंतीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! आता फार वेळ तग धरणार नाही, हे कळत होते. तरी वाटले, मेले तर मेले, भिंतीची जिरली ना!

"सर, हे मरंल का?" पायलने विचारले.

"मिठात राहिलं तर मरेल. साधं पाणी घातलंस तर परत भिंतीला चिकटेल, पण मग दिसणार नाही. आधी चित्र काढून घे. मार्क चित्राला आहेत."

"चित्र मागनं आठवून काढते," म्हणत तिने पाण्याचे थेंब सोडले.

मी फुगले, भिंतीला टेकले आणि दिसेनासे झाले. मला त्या पोरीचा रागच आला. एवढी रांग लागली होती माझ्यासाठी!

पायलने आधी भिंत काढली, मग तिला लागून आत एक रेघ.

"आता कुठं दिसतंय ते?" जयराज म्हणाला.

"दिसंना का. हाय म्हणून तर रस आत ऱ्हायलाय."

मित्रांनो, भिंतीचा हेवा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. खोटे कशाला बोलू? पण तुम्ही वहीत पेशी काढाल तेव्हा भिंतीच्या आत एक रेघ माझीही काढा. पेन्सिलीला टोक करून काढा. मी फार पातळ आहे.