समुद्र वय विचारत नाही

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. आता उघाडी म्हणजे काय, असं तोंड वेंगाडून विचारू नका, सांगते. पेणच्या बाजूला, जिते स्टेशनापासून चालत अर्ध्या तासावर, भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध आहे. त्या बांधातलं लाकडी दार म्हणजे मी. भरती आली की खाडीचं पाणी मला ढकलून बंद करायचं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला ढकलून उघडायचं आणि निघून जायचं. कोणी हातसुद्धा लावायला नको.

मला एझ्रा मिस्त्रीनं, गावातल्या ज्यू सुतारानं, घडवलं. दरवर्षी पावसाआधी तो यायचा, मला करंजाचं तेल पाजायचा, बिजागऱ्या ठोकून बघायचा. काय माझा रुबाब होता तेव्हा! एकदा माझ्या तोंडात एवढा मोठा जिताडा मासा अडकला की ओढायला दोन बैलजोड्या लागल्या, आणि त्याच्या खवल्यांनी एका घराचं छप्पर शाकारलं. खोटं वाटतं? मग त्या जिताड्यालाच विचारा.

पुढे एझ्रा मिस्त्री बायकामुलांसकट इस्रायलला गेला आणि माझं तेल बंद झालं. माझ्या बुडाशी चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं केली. आधी भरतीचं पाणी नुसतं धडका द्यायचं. आता ते खालून बोटं घालून चाचपायला लागलं. मला ते कळत होतं, पण दाराला कोण विचारतो?

कळलं ते भाविकाला. अठरा वर्षांची पोर, चिंबोऱ्या पकडण्यात पटाईत. चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात तिनं माझ्याखाली बिळात हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बोटांना पलीकडचं पाणी लागलं. ती तशीच चिखलानं माखलेली धावत गेली.

दुसऱ्या दिवशी बांधकमिटी माझ्याजवळच बसली. कमिटीचा म्होरक्या दाजी, म्हणजे भाविकाचा आजाच. पण सगळं गाव त्याला दाजी म्हणायचं, म्हणून तीही दाजीच म्हणायची.

"उघाडी खालनं पोकळ झालीय दाजी. पावसाआधी दुरुस्त करा."

"तू कोण गो सांगणारी? कमिटीत मत द्यायला एकवीस वर्सं लागतात."

"सरकारनं अठरा केलंय, पाच वर्षं झाली. माझं नाव मतदार यादीत हाय. दिल्लीचं सरकार पाडायला मी चालते, नि बांधावर चिखल टाकायचा का नाय, ते बोलायला नाय चालत?"

"दिल्ली लांब हाय," दाजी म्हणाला. "तिथं चुकलं तर आपलं भात मरत नाय."

सगळे म्हातारे खो खो हसले. आमच्या बांधावर मत द्यायची एक रीत होती. ज्याचं त्याचं एक ढेकूळ. माझ्या उजवीकडे ठेवलं तर दुरुस्ती, डावीकडे ठेवलं तर यंदा राहू दे. दुरुस्ती म्हणजे घरटी आठ दिवस चिखल वाहायचा, आणि लगीनसराईत कोणाला हौस? म्हाताऱ्यांचे गुडघे धरलेले, म्हणून ढेकळं वाहायचं काम पोरांकडे. मत म्हाताऱ्यांचं, पाय पोरांचे.

उजवीकडे अकरा झाली, डावीकडे अकरा. राहिलं दाजीचं. त्यानं ते भाविकाच्या हातात दिलं.

"डावीकडं ठेव गो."

भाविका माझ्यासमोर उभी राहिली. मागून विशाल, ढेकळं वाहणारा दुसरा पोर, कुजबुजला, "उजवीकडं टाक ना! म्हातारा विडी पेटवतोय, बघत नाय."

मी माझ्या सगळ्या फळ्या आवळून धरल्या. टाक गं बाई, उजवीकडे टाक!

"मत त्याचं हाय," ती म्हणाली, "माझं नाय." आणि तिनं ढेकूळ डावीकडे ठेवलं.

आषाढातली अवस आली. भर दुपारी उधाण चढलं. वारा पडलेला, पाऊस थांबलेला, पाण्याला आवाज नाही. ते धडकलंच नाही माझ्यावर. गुपचूप खालून आलं. माझी एक बिजागरी सुटली, मग दुसरी, आणि बांधाला बारा हात रुंद खांड, म्हणजे भगदाड, पडली. संध्याकाळपर्यंत कोवळी रोपं खाऱ्या पाण्यात बुडाली. दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून "भाविका, भाविका" एवढंच म्हणत होता. ती त्याच्या शेजारीच उभी होती.

त्या जमिनीत पुढे भात पिकलंच नाही. मी खांडीच्या कडेला चिखलात आडवी पडून आहे.

दोन वर्षांनी कमिटी पुन्हा बसली. दाजी काठी टेकत उठला आणि म्हणाला, "आजपासनं सोळाच्या वरचं समदं पोर मत देल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही हुज्जत घातली नाही.

मित्रांनो, तुम्हाला काही दिसलं तर सांगा. कोणी वय विचारलं तरी सांगा. आणि मोठ्यांनो, जे हात बिळात जातात, त्यांना आधी विचारा. उशीर झाल्यावर दिलेला मान कोण घेणार?

त्याच बैठकीत दाजीनं नव्यानं मत मिळालेल्या पोरांची नावं वाचली. शेती बुडाली तशी पोरं बाहेर कामाला लागली होती; भाविका सकाळच्या गाडीनं रोह्याला कंपनीत गेली होती, विशाल डोलवीला ठेकेदाराकडे शिफ्टला. सात नावं वाचून झाली. एकही पोर "हजर" म्हणालं नाही. म्हातारे तसेच बसून राहिले, आणि खांडीतून पाणी आत यायला लागलं.