फ्रीजच्या दारावरचा जिना

मित्रांनो, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी उभा असलेला जुना पांढरा फ्रीज म्हणजे मी. पांढरा म्हणायचं आपलं, आता मी चांगलाच पिवळट झालो आहे. फक्त दाराच्या मधोमध एक चौकोन अजून कोराकरकरीत पांढरा राहिला आहे. माझी गोष्ट म्हणजे खरं तर त्या चौकोनाची गोष्ट. मी ती थंडपणे सांगेन. माझा धंदाच तसा आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म आयोवातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, रंग दिला, अंगात फेस भरला आणि पाठीला काळ्या नळ्यांची जाळी बसवली. फ्रीज पुढून थंड असतो आणि मागून गरम. आतली गरमी त्या जाळीवाटे बाहेर टाकायची, हेच आमचं काम. पण आमची पाठ कायम भिंतीकडे, त्यामुळे ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

२००१ साली, नुकतं बर्फ वितळलेलं असताना, मी ट्रकमधून या घरी आलो. देवदत्त आणि आश्लेषा यांनी तेव्हा हे घर नवं घेतलं होतं. देवदत्त कॉम्प्युटरवाला. सकाळी ट्रेन पकडून शिकागोला जायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा. आश्लेषा नागपूरची आर्किटेक्ट, म्हणजे शिक्षणाने. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करायला बंदी होती. त्यामुळे घरं बांधायला शिकलेली ही बाई माझ्यासमोर उभी राहून भेंडी चिरायची. त्यांची मुलगी अबोली तेव्हा माझ्या खालच्या कप्प्याएवढी होती.

वास्तुशांतीला माझं काय कौतुक झालं म्हणता! महाराष्ट्र मंडळातल्या बायका येऊन माझं दार उघडून बघत होत्या. बर्फाचे खडे आपोआप पडतात हे पाहून एका काकूंनी तर हातातला सरबताचा ग्लास तीनदा भरला. तो दिवस सोडला तर पुढे माझं असं कौतुक कुणी केलं नाही. चालतंय तोवर फ्रीजकडे कोण बघतो?

महिन्याभरातच आश्लेषाने माझ्या दारावर एक कागद लावला. इंटरनेटवरून छापलेला तो एक फोटो होता. इटलीत, टस्कनीतल्या एका टेकडीवर काही शतकं जुना व्हिला होता. कधी काळी एका जमीनदाराचं घर, आता त्याचे भाग पाडून आठवड्याच्या बोलीवर भाड्याने देत. फोटो त्यातल्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचा होता. दगडी फरशी, धुराने काळवंडलेली मोठी चूल, आणि चुलीशेजारून वर जाणारा दगडी जिना. जिना थोडा चढून डावीकडे वळला होता. वळणापलीकडे काय होतं, ते फोटोत दिसत नव्हतं.

कॉलेजमध्ये असल्या घरांची चित्रं आश्लेषाने पुस्तकात बघून बघून काढली होती, पण तसल्या एकाही घरात पाऊल ठेवलं नव्हतं. दूध काढायला आली की ती उगाच त्या जिन्याकडे बघायची. देवदत्त म्हणाला, "एवढं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "हा वळून कुठे जातो, तेवढं मला बघायचंय. हॉटेलात उतरून घर कळत नाही रे. तिथे राहावं लागतं, तिथे चहा करावा लागतो." देवदत्तने लगेच ऑक्टोबरची तारीख ठरवून टाकली. माणूस मनाचा वाईट नाही.

मग तो सप्टेंबर आला. त्या महिन्यात या देशात काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. विमानात बसायचं नावही कुणी काढेना. बुकिंग कॅन्सल झालं आणि देवदत्त म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ.

पुढच्या वर्षी त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी ग्रीन कार्डचं काम सुरू झालं आणि वकिलाने बजावलं, आता देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना अडकाल. ते काम असं रेंगाळलं की विचारू नका. मध्येच देवदत्तची आई, सुमेधाआजी, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं. दर वेळी आश्लेषा व्हिलाच्या मालकीणबाईंना ईमेल करायची. दर वेळी त्या म्हाताऱ्या बाईंचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर यायचं की जमेल तेव्हा ये, घर कुठे पळून जात नाही.

कागद मात्र दारावरून हलला नाही. त्याच्या आजूबाजूला शाळेच्या जेवणाचं वेळापत्रक आलं आणि गेलं, दातांच्या डॉक्टरचं कार्ड आलं आणि गेलं. जिना तिथेच. हळूहळू तो साऱ्या घराचा झाला. जेवताना अबोली विचारायची, आज जिना कुठे जातो? देवदत्तचं ठाम मत होतं की वर बाथरूम आहे. आजी म्हणायच्या, एवढ्या जुन्या घरात वर देवघर असणार, दुसरं काय? अबोलीचं उत्तर रोज वेगळं. कधी मांजरीची खोली, कधी चोरांचा माळा. आश्लेषा एकटी कधी उत्तर द्यायची नाही. "बघितल्याशिवाय कसं सांगू?" एवढंच म्हणायची. मलाही कुणी विचारलं नाही, आणि मला मतही नव्हतं.

अखेर २००७ च्या शेवटी ग्रीन कार्ड आलं आणि आश्लेषावरची नोकरीची बंदीही उठली. पेढे आणले, माझ्यातच ठेवले. आणि त्याच हिवाळ्यात मालकीणबाईंचा ईमेल आला. त्या थकल्या होत्या, व्हिला विकत होत्या. नवे मालक उन्हाळ्यात आतलं सगळं पाडून तिथे हॉटेल करणार होते. चूल जाणार, जिना जाणार. एप्रिलमध्ये यायचं असेल तर शेवटचा आठवडा तुझ्यासाठी राखून ठेवते, असं त्यांनी लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये देवदत्तचं प्रोजेक्ट ऐन मोक्यावर आलेलं. त्याने खूप खटपट केली, पण सुट्टी मिळेना. तो म्हणाला, अगं, इटलीत असले व्हिले ढिगाने असतील, आपण पुढच्या वर्षी दुसरा बघू. आश्लेषाने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी एकटी जाते."

आता यात एवढं दचकण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही. पण घर दचकलं. सुमेधाआजींनी नागपूरहून फोनवर तोंडाचा पट्टा सोडला. नवरा आणि मुलगी घरात ठेवून बाई एकटी गाव हिंडायला निघाली, त्यांच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार, वगैरे. देवदत्त ‘जा’ म्हणाला नाही, पण ‘नको’ही म्हणाला नाही. आश्लेषाने मनाशी एक सौदा केला. जायचं, पण घरात कुणाला तिची उणीव भासू द्यायची नाही.

झालं! आठवडाभर ओट्यावर नुसती धुमश्चक्री. आमटी, छोले, पालकाची पातळ भाजी, अर्धवट भाजलेल्या पोळ्यांच्या चळती, अबोलीसाठी पुरणपोळ्या. प्रत्येक डब्यावर वार लिहिलेला. सोमवार दुपार, सोमवार रात्र, असं सगळं. निघायच्या आदल्या दिवशी तर डबे निवायचीही उसंत नव्हती, गरम गरमच माझ्या पोटात गेले. मी दिवसभर घरघरत होतो. माझ्या पाठीच्या जाळीवर सात वर्षांची धूळ गोधडीसारखी बसलेली. आतली गरमी बाहेर पडणार कुठून?

शनिवारी संध्याकाळी तिचं विमान होतं. सकाळी तिने फ्रीजर उघडला आणि पाण्याचा ओघळ तिच्या पायावर आला. आतला दिवा लागत होता, पण माझी घरघर केव्हाच बंद पडली होती. पुरणपोळ्या लिबलिबीत झाल्या होत्या. आमटीला वास येत होता. छोल्यांवर फेस आला होता. तिने एकेक डबा उघडला, हुंगला आणि ओट्यावर ठेवला. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग दार उघडंच टाकून ती माझ्यासमोर फरशीवर बसली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं मला वाटलं, आणि मला सहसा काही वाटत नाही.

देवदत्त वरून खाली आला. त्याने डबे पाहिले, पाणी पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आश्लेषा अगदी शांतपणे म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

मित्रांनो, सात वर्षं मी हे वाक्य त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यानेही ते आज पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं. कारण त्याचा चेहरा उतरला. मग कचऱ्याची मोठी पिशवी काढून त्याने एकेक डबा तीत रिकामा केला. तिचे आठवडाभराचे कष्ट त्याने स्वतःच्या हाताने फेकले आणि तिला उठू दिलं नाही. हात धुऊन तो म्हणाला, "आशू, पुढच्या वर्षी तो जिना नसेल. ऊठ, आवर."

"आणि तुम्ही खाणार काय?"

"खाऊ काहीतरी. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

एव्हाना अबोली घरातल्या जिन्यात येऊन उभी राहिली होती. आता ती माझ्या हँडलपेक्षा उंच झाली होती. ती म्हणाली, "जस्ट गो, आई. समवन हॅज टू फाइंड आउट."

आश्लेषा गेली.

त्या आठवड्यात बापलेकींनी कधी खिचडी खाल्ली, कधी पिझ्झा, आणि एकदा चक्क करपलेली खिचडी पिझ्झ्याबरोबर. पहिल्या रात्री दूध बर्फाच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी देवदत्तने मला भिंतीपासून ओढून पुढे काढलं. सात वर्षांत कुणी माझी पाठ पाहिली नव्हती. मागे अबोलीचा हरवलेला खडू निघाला, वाळलेला कढीपत्ता निघाला, आणि धूळ तर मणभर. त्याने गुडघ्यांवर बसून व्हॅक्यूमने ती सगळी ओढून काढली, मऊ ब्रशने जाळी झाडली आणि मला पुन्हा चालू केलं. मी घरघरलो. मी मेलो नव्हतो हो, नुसता गुदमरलो होतो. तो जाळीवर हात ठेवून बराच वेळ तसाच बसला होता.

पुढच्या रविवारी आश्लेषा परत आली. उन्हाने नाक लाल झालेलं, काखेत कागदांची गुंडाळी. बूटही काढू न देता अबोलीने विचारलं, "सो? व्हेअर डज इट गो?"

आश्लेषा म्हणाली, "कुठेच नाही."

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. जिना वळतो, आणखी थोड्या पायऱ्या चढतो आणि थेट भिंतीला टेकतो. घराचे भाग पाडून भाड्याने देताना कुणीतरी तो वरून बुजवून टाकला. पलीकडे दुसऱ्याचं बिऱ्हाड. बाथरूम नाही, देवघर नाही, मांजर नाही. देवदत्तचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सात वर्षं ज्यासाठी थांबली, ती भिंत निघाली! बिचारा म्हणाला, "सॉरी गं."

"अरे, सॉरी काय!" आश्लेषा हसली. "ती भिंत गरम होती. चुलीचं धुरांडं तिच्या आतून वर जातं. मी सकाळी खाली चुलीवर चहा करायचे आणि वरच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून प्यायचे. कुणाला हाक द्यायची नाही, कुणाची हाक यायची नाही. फोटोत ते कुठे कळतं? जाऊन टेकावं लागतं."

देवदत्त थोडा घुटमळला आणि म्हणाला, "फ्रीजची पाठपण गरम असते. मी हात लावून पाहिलं."

यावर तिघंही इतकी हसली की माझ्या आतल्या बाटल्या किणकिणल्या. मग हसता हसता आश्लेषा रडायला लागली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

त्या गुंडाळीत तिने त्या बिऱ्हाडाचा मोजमाप घेऊन काढलेला नकाशा होता. चूल, धुरांडं, बुजवलेला जिना, सगळं. आता ते घर तसं फक्त त्या कागदावर उरलं आहे. तोच नकाशा घेऊन ती शिकागोतल्या एका छोट्या ऑफिसात गेली. तिथे जुनी घरं दुरुस्त करतात. आता आठवड्यातले तीन दिवस तीही सकाळची ट्रेन पकडते. फार मोठं काही नाही, पण डबा भरताना गुणगुणते.

दारावरचा फोटो तिने त्याच रात्री काढला. काढल्यावर सगळ्यांना दिसलं, माझं दार चहूकडून पिवळं पडलं होतं आणि फोटोखालचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. तिने ओल्या फडक्याने दार पुसून पाहिलं. पिवळेपणा काही निघाला नाही.

दिवाळीत स्टीलचा नवा फ्रीज आला आणि मी गॅरेजमध्ये आलो. तक्रार नाही. मंडळाचा कार्यक्रम असला की पन्नास माणसांचं श्रीखंड माझ्याच पोटात असतं. देवदत्त दर एप्रिलमध्ये आठवणीने माझी जाळी झाडतो, नव्याची झाडतो की नाही कोण जाणे.

तेव्हा मित्रांनो, माझं दोनच गोष्टींचं मागणं आहे. आमची पाठ वर्षातून एकदा तरी झाडत जा. आणि आमच्या दारावर कुणाच्या मनातलं काही लावलेलं असेल, तर ते कोणाचं आहे ते बघा आणि त्या माणसाला वेळेवर जाऊ द्या. मला काय, मी उभाच असतो. पण दार पिवळं पडतं.