कोरडा कान

सकाळी जुई शाळेत गेली की कुशाबा तिची उशी हुंगायचा. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहात्तर वर्षांचा माणूस करी रोडच्या टॉवरमध्ये, एकविसाव्या मजल्यावर, नातीच्या उशीत नाक खुपसून उभा आहे हे सुनेनं पाहिलं असतं, तर तिनं तडक नवऱ्याला फोन लावला असता. उशीला शॅम्पूचा वास यायचा, कधी बिस्किटाचा. दुसरा कसला वास नाही, याची खात्री करून तो अभ्रा नीट करायचा. दुसऱ्या कुणाचा जीव एवढ्यानं भांड्यात पडला असता. कुशाबा मात्र नेमका तेव्हाच घाबरायचा.

जुई पाच वर्षांची. मागल्या वर्षी सर्दीचं निमित्त झालं आणि कानाच्या डॉक्टर इरावतीबाईंना तिच्या डाव्या कानाच्या पडद्यामागे मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसला. जन्मापासूनची गाठ, त्या म्हणाल्या. कातडीच्या चार पेशी गर्भातच चुकून आत राहतात आणि तिथेच वाढत बसतात. ना दुखणं, ना वाहणं, पण कानातली नाजूक हाडं खात जाते, आणि सोडून दिली तर मेंदूपर्यंतही पोचू शकते. ऑपरेशन झालं. गाठ एका हाडाला बिलगलेली निघाली. दिसली तेवढी सगळी काढली, पण कणभर राहिली असेल तर पुन्हा वाढेल, म्हणून वर्षभरानं कान परत उघडून पाहायचा, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

"घरात आणखी कुणाला कानाचा त्रास होता का?" असंही त्यांनी विचारलं होतं. जुईचा बाप निलेश नाही म्हणाला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला त्याचा बाप गप्प राहिला.

निलेश खोटं बोलला नव्हता. आपल्या जन्माआधी शेवंती नावाची बहीण होती, ती सहाव्या वर्षी तापानं गेली, एवढंच त्याला माहीत. आईबापांनी तेवढंच सांगायचं ठरवलं होतं. आई, शांता, जाऊन नऊ वर्षं झाली. खरी गोष्ट आता एकट्या कुशाबाकडे उरली होती.

शेवंतीचा डावा कान वाहायचा. त्याचा घाण वास उशीला यायचा, फ्रॉकच्या कॉलरला यायचा, बापाच्या खांद्यालाही यायचा. पोरांचे कान वाहतातच, तेव्हाच्या चाळीतले सगळे सांगत, लसूण घालून तेल कढवा आणि कानात सोडा. कुशाबा सोडायचा. मग एके दिवशी कान वाहायचा थांबला. वास गेला, उशी कोरडी. कुशाबाला इतका आनंद झाला की त्यानं देवापुढे नारळ ठेवला, कोकणातल्या गावच्या रीतीनं देवाला हाक मारत खणखणीत गाऱ्हाणं घातलं आणि अख्ख्या मजल्याला खोबरं वाटलं. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून शेवंती म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय." खेळून दमली असेल म्हणून त्यानं तिला निजवलं. चौथ्या दिवशी ती गेली.

घाण आत कोंडली आणि मेंदूत चढली, हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर म्हणाला. कान वाहायचा थांबला आणि डोकं दुखायला लागलं, तेव्हाच का नाही आणलंत, असं त्यानं विचारलं. तो प्रश्न कुशाबाला अजून ऐकू येतो. लिफ्टमध्ये, भाजी घेताना, नळ बंद केल्यावर.

वर्ष भरत आलं तेव्हा एका शनिवारी निलेश आणि त्याची बायको सुचित्रा जुईच्या ऐकण्याची तपासणी करून आले ते हसतच. निलेशनं येताना लालबागहून नारळ आणला होता.

"बाबा, दोन्ही कान सेम ऐकतायत," तो म्हणाला. "दुसरं ऑपरेशन कॅन्सल करतोय आपण. काही त्रासच नाहीये पोरीला. डॉक्टर काय, सांगणारच. तुम्ही नारळ ठेवा, मस्त गाऱ्हाणं घाला."

"परत ती भूल, परत ते टाके, मला नाही बघवत बाबा," सुचित्रा म्हणाली. "आणि कान कसा छान कोरडा आहे."

कुशाबा नारळ घेऊन देवापुढे उभा राहिला. जुई शेजारी हात जोडून तयारच होती. गाऱ्हाण्यात मध्ये मध्ये सगळ्यांनी होकार द्यायचा असतो आणि तिला ते फार आवडायचं.

"बा देवा म्हाराजा," कुशाबानं सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," जुई घाईनं म्हणाली.

शेवंतीही अशीच घाई करायची. कुशाबाला दोन आवाज ऐकू आले, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. डावीकडे कुणी नव्हतं. नारळ त्यानं खाली फरशीवर ठेवला.

"माका जमाचा नाय," तो म्हणाला. "शेवंतीचो कान पण असोच सुकलेलो."

मग देवाकडेच तोंड करून त्यानं सगळं सांगितलं. तेल, वास, नारळ, खोबऱ्याचा तुकडा. सुचित्रानं जुईला पोटाशी धरलं.

निलेश म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात."

निलेश फोन घेऊन गॅलरीत गेला आणि त्यानं डॉक्टरांना शेवंतीचं सगळं सांगून ऑपरेशनची तारीख कायम केली. त्यानंतर बारा दिवस तो बापाशी एक शब्द बोलला नाही.

तेराव्या दिवशी, परळच्या हॉस्पिटलात, इरावतीबाई बाहेर आल्या. जुई ठीक होती. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती आणि तिच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं.

"हाडाच्या मागे दडलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून दिसलंच नसतं. वेळेवर आलात." मग कुशाबाकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मुलीला हेच होतं की दुसरं काही, ते आता नाही सांगता येणार, काका. आणि ही गाठ सहसा घराण्यातून येत नाही. तपासणीला पाठवायची आहे, बघून परत द्या."

निलेशनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि बापाच्या हातात दिली. कुशाबानं ती नाकाशी नेली. सवयच ती. झाकण घट्ट बंद होतं. निलेश त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"ताईची गाठ पण आधी एवढीच असेल ना, बाबा?"

शेवंतीला त्या घरात आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं.

"व्हय," कुशाबा म्हणाला.