हाकेला ओ न देणारा माणूस

माझ्या बापाला शोधायला अख्खी जमात धावली आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे माणूस वाळवंटात हरवला आणि तुम्ही घरी बसून राहिलात, तर पुढे कुणाच्या लग्नात तोंड दाखवायची सोय उरत नाही. त्यामुळे दुपारच्या आत मुदव्वरा गावाच्या रस्त्यावर पिकअपची रांग लागली. चुलत, मावस, आत्याकडचे, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तेही आले. गाड्यांच्या टपावर माणसं उभी राहून ओरडत होती, "अबू नशमी, ओ अबू नशमी." आमच्यात बापाला थोरल्या पोराच्या नावाने हाक मारतात. मीही गाडीत उभी राहून घसा फाडत होते. "बाबा, मी फिद्दा. बाबा, बाहेर या."

जूनचा महिना. पहाटेच्या नमाजानंतर तो निघून गेला होता आणि पाण्याची पिशवी खुंटीवर तशीच होती. अशा उन्हात पाण्याविना माणूस दुसरी संध्याकाळ बघत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

माझा बाप, हवालदार मुतलक, म्हणजे कोण हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वाळवंटी गस्तीत आधी उंटावर, मग जीपवर त्याचं आयुष्य गेलं. त्याचं काम माग काढायचं. पावलावरून तो उंटीण गाभण आहे हे ओळखायचा, आणि तस्कर घाबरलाय की त्याला नुसता उशीर झालाय हेही. रजा मिळाली की घरी यायचं सोडून रानबोकडांच्या मागे डोंगरात जायचा. आई म्हणायची, "याचं लग्न डोंगराशी लागलंय, मी आपली भाकरीपुरती." पेन्शनीत आल्यावर नशमीने, माझ्या भावाने, त्याला सिमेंटचं घर बांधून दिलं. हा अंगणात तंबू ठोकून झोपला. "ज्या जमिनीवर पाऊल उमटत नाही तिथे डोळा कसा लागायचा?" म्हणाला. नशमीला राग आला होता. मला हसू आलं होतं.

मग त्याचं डोकं एकेक गोष्ट सोडायला लागलं. मला आईच्या नावाने हाक मारायचा, नसलेली बंदूक पुसत बसायचा. लोक म्हणायचे, म्हातारपण आहे, चालायचंच. त्यांना काय जातंय म्हणायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जदान आला. बापाच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः गस्तीत मागकाढ्या. तंबूपासून तो वाकून वाकून चालत गेला आणि टेकडीपाशी मटकन खाली बसला.

"बहिणी, काकांचं पाऊल होतं का नव्हतं, तेच कळेना. जिथं बघावं तिथं टायर."

"मग त्यांना थांबव की."

"कुणाला थांबवू? तुझा भाऊ आणखी गाड्या मागवतोय."

मला चीड आली आणि रडूही आलं. कुणाला दिसायला नको म्हणून मी बापाच्या तंबूत शिरले. तो बसायचा ते मेंढीचं कातडं तिथे पडलेलं होतं. त्यातून दोन तुकडे कापून नेलेले, तळपायाएवढे.

ते तुकडे कशासाठी नेलेत ते मला ठाऊक होतं. तरुणपणी लढाईत तो तुकडीपासून तुटून नदीपलीकडे अडकला होता. मेंढीची लोकर खाली करून पायाला कातडं बांधलं, की वाळूवर माग राहत नाही. तसा तो परत आला होता. शत्रूचे लोक भोंग्यावरून आपल्याच भाषेत, नावं घेऊन हाका मारायचे. पाणी आहे, या, म्हणायचे. ज्यांनी ओ दिली ते सगळे मेले, हे त्याने मला कितीदा सांगितलं असेल.

म्हणजे तो हरवलेला नव्हता. तो लपला होता, आमच्यापासून. जितकं आम्ही ओरडत होतो तितका तो आणखी आत सरकत होता, आणि त्याच्याइतकं लपायला येणारा माणूस आमच्या जमातीत दुसरा नव्हता.

मी धावत जाऊन नशमीच्या गाडीपुढे उभी राहिले.

"गाड्या मागे घे. सगळ्यांना गप्प बसव."

"वेड लागलंय का तुला? एवढी माणसं बाबांसाठी राबतायत."

"राबतायत ना. मारतील बाबांना."

मी कातडं त्याच्या अंगावर फेकलं. जदानने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मान हलवली. नशमीचा आवाज पार बसला होता. त्याने विचारलं, "मग करायचं काय? हाकही मारायची नाही?"

"कॉफी कुटायची."

गस्तीच्या ठाण्यावर लाकडी खलात कॉफी कुटली जाते तेव्हा तो आवाज लांबवर जातो. ऐकेल त्याने यावं, त्याला कुणी हात लावणार नाही, असा त्याचा अर्थ. बापाचा स्वतःचा ठेका होता. दोन जड, एक हलका, मग खलाच्या काठावर टिचकी. लहानपणापासून मी त्यावरच जागी होत आले.

"बाईमाणसाने कॉफी कुटायची?" नशमी म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी कॉफीला यायचं की मयताला, ते तू ठरव."

तो गाडीतून खाली उतरला. मग एकेका गाडीपाशी गेला आणि हात जोडून सगळ्यांना मागे पाठवू लागला.

गाड्या हटल्यावर दोन कड्यांच्या मधल्या घळीत खडकाला लोकरीचा एक धागा लागलेला जदानला सापडला होता. तिथल्या सावलीत मी बसले. उडणाऱ्या रेतीसाठी तोंडाला रुमाल गुंडाळला, अंगावर बापाचाच जुना गस्तीचा कोट घातला. जदान वळणामागे थांबला. मी कुटत राहिले. कॉफीचं पीठ झालं, तरी कुटत राहिले. हाताला फोड आले, फुटले. ऊन डोक्यावर आलं आणि मी देवाशी भांडायला लागले. आज याला आण, मग काय हवं ते कर, म्हटलं.

तो आला. वरून उतरला नाही, समोरून आला नाही. माझ्या मागच्या कपारीतूनच बाहेर पडला. म्हणजे सगळा वेळ तो तिथेच होता.

ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले. मी पाणी पुढे केलं. त्याने मला आधी प्यायची खूण केली. मी प्याले, मग तो प्याला, घोटघोट, शिपायासारखा.

"कुठल्या ठाण्याचा रे पोरा?"

मी नुसतं बोट दाखवलं.

"बोलू नकोस, बरं करतोस. ते जवळच आहेत. गाड्याच गाड्या. माझं नाव ठाऊक आहे त्यांना, माझ्या पोराचंही."

मी सोबत आणलेल्या किटलीतली कॉफी ओतली. त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"त्यांच्यात एक बाई आहे," तो म्हणाला. "अगदी माझ्या फिद्दाच्या आवाजात हाक मारते. दोनदा मी उठलोच होतो. मग हे असं दातांत धरलं." त्याने मनगट पुढे केलं. दातांचे व्रण होते, त्यावर रक्त सुकलेलं. "माझी फिद्दा घरी आहे. तिला असल्या ठिकाणी मी येऊ देईन होय?"

काळजाला घरं पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्याच हाकेने त्याला दोन दिवस उन्हात बसवलं होतं. आणि आता मी एक शब्द बोलले असते, तर तो उठून पळाला असता. मी रुमालाखाली जीभ चावून बसले.

जदान गणवेशात समोर आला. त्याने कडक सलाम ठोकला.

"पहाऱ्याची पाळी आता माझी, हवालदार. तुम्ही मोकळे."

"पुढची वाट?"

"साफ आहे, साहेब."

बापाने हळूच सलाम परत केला. मग कुशीवर आडवा झाला, तंबूत व्हायचा तसाच, हात डोक्याखाली घेऊन. जदान गाडी आणायला पळाला. मी बापाच्या तोंडावर सावली धरली, ओलं बोट ओठांवरून फिरवत राहिले. त्याचा श्वास लांब लांब पडत गेला. एकदा त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर "बाबा" आलं होतं. पण ओळखण्याऐवजी घाबरला तर? मी गिळलं ते.

गाडी यायच्या आत तो गेला.

छातीवर कान ठेवून मी खात्री केली. मग रुमाल सोडला आणि हाक मारली. आधी त्याच्या कानाशी, मग टेकडीपलीकडे बसलेल्या अख्ख्या जमातीला ऐकू जाईल अशी.